इंजिनाचा पत्ता

“सर, ॲड्रेस म्हणजे पत्ताच ना? मग इंजिनाला पत्ता कशाला? ते काय पत्र घेणार आहे?”

नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत मला विचारत होता. त्याच्या हातात एक पुस्तिका होती, अर्धी इंग्रजी आणि अर्धी जर्मन. त्याचे मामू कुवेतला ड्रायव्हर होते. ज्या घरी ते नोकरीला होते, तिथली मुलं मोठी झाली आणि त्यांची खेळण्यातली रेल्वे खोक्यासकट मामूंना मिळाली. ती पोलादपूरजवळच्या वाडीत आली. एकमेकांत अडकवायचे रूळ, दोन इंजिनं, चार डबे आणि बटणांचा एक कंट्रोलर एवढा ऐवज होता. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून पुस्तिका माझ्याकडे आली.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध फ्यूज बांधण्यापुरता. पण मुलाने शब्दांचे अर्थ विचारले होते, आणि अर्थ सांगणं हे तर माझं काम. मी घरी शब्दकोश उघडला आणि यादी करून दिली. ॲड्रेस म्हणजे पत्ता. थ्रॉटल म्हणजे गळा दाबणे. ब्लॉक म्हणजे ठोकळा किंवा अडथळा. पॅकेट म्हणजे पुडकं. बिट म्हणजे तुकडा. स्टेप म्हणजे पायरी. डिकोडर म्हणजे सांकेतिक लिपी उलगडणारा. खाली लिहिलं, “पाठ कर.”

आठवड्याने तो परत आला. यादी पाठ होती. “पण सर, दोन्ही इंजिनं एकदम सुटतात. एकाला थांबवलं की दुसरंही थांबतं. बिघडलंय काय?”

माझ्या यादीत याचं उत्तर नव्हतं. माझे सगळे अर्थ शब्दकोशाप्रमाणे बरोबर होते आणि एकही उपयोगाचा नव्हता. पुढचे काही महिने मी त्या शब्दांच्या मागे लागलो. ते कुठून आले, कुणाला कशासाठी लागले, हे वाचत गेलो. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

चावी, मग वीज

सुरुवातीला शब्दांची गरजच नव्हती. जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत चावीवर चालणारी रेल्वे मांडली. खेळण्यातल्या गाड्या त्याआधीही मिळत. मेर्क्लिनने नवं केलं ते असं की रुळांच्या रुंदीची ठरावीक मापं पाडली. आज इंजिन घ्या, पुढच्या सणाला डबा घ्या, त्याच्या पुढच्या सणाला रूळ वाढवा. इंग्लंडात मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी 1920 मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. चावीची गाडी एकदा सुटली की तिचं ती बघते. स्प्रिंग सैल होईपर्यंत धावते आणि मग थांबते. खेळणाऱ्याच्या हातात फक्त चावी असते.

वीज आली आणि खेळणाऱ्याचा हात लांब झाला. मॉडेल रेल्वेत इंजिनाच्या पोटात बॅटरी नसते. वीज रुळांतून येते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकं ती वीज उचलतात आणि मधल्या मोटरला देतात. दाब साधारण 12 व्होल्टपर्यंत. दाब वाढवला की गाडी पळते, कमी केला की रेंगाळते, आणि धन-ऋण उलटे केले की गाडी मागे जाते. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात जिला दिष्ट विद्युतधारा म्हणतात, ती हीच.

दाब कमी-जास्त करणाऱ्या गोल खटक्याला अमेरिकेत थ्रॉटल म्हणतात. माझ्या यादीतलं “गळा दाबणे” इथून निघालं, आणि ते अगदीच चुकीचं नाही. वाफेच्या यंत्रात बॉयलरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत एक झडप असे. ती आवळली की वाफ कमी जाई, जणू नळीचा गळा दाबला. इंग्लंडात आणि म्हणून हिंदुस्थानातही वाफेच्या इंजिनावरच्या त्याच दांड्याला रेग्युलेटर म्हणत. वाफ गेली, पण शब्द राहिले. अमेरिकेतल्या खेळणाऱ्याच्या हातात थ्रॉटल राहिला, आणि आपल्या घराघरांत पंख्याचा रेग्युलेटर.

हे सापडलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या मुलाला काहीतरी सांगता येईल. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही मुलाला पंख्याचा रेग्युलेटर ठाऊक असतो. जुना मोठा रेग्युलेटर हाताला गरम लागायचा, कारण त्याच्या आत तारेची वेटोळी होती. पंख्याला नको असलेली वीज ती वेटोळी अडवायची आणि तापायची. रोध म्हणतो तो हाच. उर्दू पुस्तकात मुजाहमत. मॉडेल रेल्वेचे जुने कंट्रोलर याच रीतीचे. त्यांची खोड अशी की मोटर सावकाश सुरूच होत नसे. खटका फिरवत जावा, गाडी जागची हलू नये आणि एकदम उडी मारून सुटावी. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि दुसरी रीत निघाली. वीज अडवायची नाही, पूर्ण दाबाने पण हप्त्याहप्त्याने द्यायची. सेकंदात शेकडो-हजारो वेळा चालू-बंद, चालू-बंद. चालू राहण्याचा वेळ वाढवला की वेग वाढतो. याचं तांत्रिक नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन. सरळ मराठीत, ठोक्यांची लांबी कमी-जास्त करणं. प्रत्येक ठोका पूर्ण जोराचा असल्याने मोटर हळूही फिरते आणि अडतही नाही.

रूळ सगळ्यांचा असतो

इथवर सगळं एका गाडीचं झालं. अडचण दुसरी गाडी आल्यावर सुरू झाली. रुळात वीज सोडली की त्यावरच्या प्रत्येक इंजिनाला ती मिळणार. एकाला दे, दुसऱ्याला देऊ नको, असं रुळाला सांगता येत नाही.

यावर पहिला तोडगा निघाला तो रूळ तोडण्याचा. रुळांमध्ये जागोजागी बारीक फट ठेवायची, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार आणि वेगळा खटका. ज्या तुकड्यातली गाडी चालवायची त्याचा खटका चालू, बाकीचे बंद. या तुकड्याला नाव पडलं ब्लॉक, आणि ते थेट खऱ्या रेल्वेतून उचललेलं आहे.

आपल्याकडचा नमुना घ्या. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर टप्पा 1993 मध्ये सुरू झाला. वीर हे महाडकरांचं स्टेशन. तिथून पुढे खेडच्या दिशेने सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे. अशा दोन स्टेशनांमधला मार्ग हा ब्लॉक, आणि नियम असा की एका ब्लॉकात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनने मोकळीक दिल्याशिवाय मागचं स्टेशन गाडी सोडत नाही. देशातल्या अनेक एकेरी मार्गांवर यासाठी लोखंडी गोळा वापरत. ड्रायव्हरच्या हाती गोळा पडला तर पुढचा मार्ग त्याचा. करंजाडीला क्रॉसिंगसाठी अर्धा तास थांबलेल्या गाडीत आपण रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो, ते खरं तर या ब्लॉकमुळे.

खऱ्या रेल्वेत ब्लॉक हा सुरक्षेसाठी असतो, मॉडेलमध्ये तो नाइलाज होता. पाच गाड्या चालवायच्या तर माणसाचं लक्ष गाड्यांवर राहतच नसे. पुढचा खटका चालू, मागचा बंद, सांधा बदल, परत पुढचा. चालवायची होती गाडी, चालवावे लागत होते रूळ.

टेलिफोनची तबकडी

हा नाइलाज ज्यांना सहन झाला नाही, त्यांत अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे विद्यार्थी होते. तिथे 1946 मध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. काही विद्यार्थी वर डोंगर, पूल, घरं रंगवत. दुसरा गट पाट्याखाली शिरून तारा जोडत. त्यांना टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि डायल मिळाले होते. रिले म्हणजे विजेने स्वतःहून उघडझाप करणारा खटका. फोन एक्स्चेंजचं काम तरी काय असतं? हजारो तारांतून, फिरवलेल्या नंबराप्रमाणे, नेमकी एक जोडणं. या मुलांनी तेच रुळांना लावलं. तबकडीवर नंबर फिरवा आणि हव्या त्या ब्लॉकचा ताबा घ्या.

त्यांची स्वतःची बोलीही तयार झाली. पीटर सॅमसन या विद्यार्थ्याने 1959 मध्ये क्लबच्या शब्दांचा छोटा कोश केला. हॅक हा शब्द त्यात आहे. चतुराईने, हौसेखातर केलेली करामत या अर्थाने तो क्लबात चाले, आणि असं करणारा तो हॅकर. हीच मुलं पुढे एमआयटीच्या संगणकांकडे वळली आणि शब्द बरोबर घेऊन गेली. आज वर्तमानपत्रात हॅकर म्हटलं की चोर डोळ्यासमोर येतो. तो शब्द संगणकाच्या जगात गेला तो खेळण्यातल्या रेल्वेच्या पाट्याखालून, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत शांतता झाली होती.

नंबर मात्र अजूनही रुळाला होता. इंजिनाला नव्हता.

हजेरी

इंजिनालाच नंबर देण्याचा विचार 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ॲस्ट्रॅक या यंत्रणेत पाच इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवता येत. प्रत्येक इंजिनात एक ग्राहक-मंडल बसवलेलं, आणि ते आपल्यापुरती एकच वारंवारता ऐके. रेडिओवर स्टेशन लावतो तसं. पाच वारंवारता, पाच इंजिनं, तिथेच मर्यादा.

मग सूक्ष्म प्रक्रियक म्हणजे मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले. हॉर्नबीने 1979 मध्ये झिरो-वन नावाची यंत्रणा आणली. त्यात 16 इंजिनं वेगवेगळी चालत. 1980 च्या दशकात मेर्क्लिनची डिजिटल यंत्रणा आली. प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, एकीचं इंजिन दुसरीच्या कंट्रोलरला ओळखत नसे. जर्मनीतले बर्न्ड लेन्झ यांची पद्धत आधार धरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1994 मध्ये सर्वांसाठी एक मानक ठरवलं. त्याचं नाव डिजिटल कमांड कंट्रोल, हौशी लोकांच्या तोंडी डीसीसी. ही असोसिएशन 1935 पासूनची, हौशी माणसांची. मानक एकच झाल्याने वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एकत्र चालू लागलं.

डीसीसी कसं चालतं हे मला हजेरीच्या वहीमुळे समजलं, म्हणून तसंच सांगतो.

वर्गात मी नंबर पुकारतो. आवाज साठ मुलांच्या कानांवर पडतो. “सतरा” म्हटल्यावर उठतो मात्र एकच. माझा आवाज कुणासाठी वेगळा नसतो, मुलाला आपला नंबर ठाऊक असतो. डीसीसीत रुळांत सतत पूर्ण वीज असते, साधारण 14 ते 16 व्होल्ट, आणि हुकूमही त्याच विजेतून जातो. तो प्रत्येक इंजिनापर्यंत पोचतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी पट्टी असते, ती डिकोडर. तिच्या स्मृतीत एक नंबर लिहिलेला असतो, तो ॲड्रेस. हुकुमावर आपला नंबर असेल तर डिकोडर मोटरला वीज देतो, नसेल तर गप्प बसतो. पत्र घेण्याचा इथे संबंध नाही. हा पत्ता नसून हजेरीचा नंबर आहे. साधे नंबर 1 ते 127, आणि मोठे नंबर 10239 पर्यंत.

एकाच तारेतून वीज आणि हुकूम दोन्ही कसे जातात, हा पुढचा प्रश्न. रुळांतले धन-ऋण सेकंदात हजारो वेळा अदलाबदल करतात. प्रत्येक अदलाबदल किती वेळ टिकली, त्यात निरोप असतो. 58 मायक्रोसेकंद टिकली तर तो एक. 100 किंवा अधिक मायक्रोसेकंद टिकली तर तो शून्य. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टमध्ये जसा छोटा-मोठा ठोका, तसंच. असा एक किंवा शून्य म्हणजे बिट. माझ्या यादीतला “तुकडा”.

अशा बिटांची ओळ म्हणजे पॅकेट. आधी बरेच एक सलग येतात. वर्गात शिरल्यावर टेबलावर डस्टर आपटतो तसे. मग नंबर. मग हुकूम, म्हणजे पुढे की मागे आणि कितव्या पायरीच्या वेगाने. पायऱ्या 14, 28 किंवा 128 असतात; स्टेप म्हणतात ते हेच. शेवटी पडताळणीचा आकडा. आपण गुणपत्रकात आडवी-उभी बेरीज जुळवतो, तसा डिकोडर आधीच्या आकड्यांवरून शेवटचा आकडा जुळवून बघतो. जुळला नाही तर तो हुकूम सोडून देतो. चाकाखाली धूळ आली, एखादा ठोका चुकला, तर इंजिन भलतीकडे सुटत नाही, कारण तोच हुकूम पुन्हा पुन्हा पुकारला जात असतो.

हे पॅकेट तयार करणारा डबा म्हणजे कमांड स्टेशन. त्याचा आवाज बारीक असतो. त्याला गाडी ओढण्याएवढी ताकद देणारा तो बूस्टर. मशिदीत बांगी आणि लाउडस्पीकरचा भोंगा वेगळे असतात, तसंच. छोट्या संचात दोन्ही एकाच डब्यात बसवतात.

जुन्या आणि नव्या रीतीतला एक फरक मला फार आवडला. साध्या विजेवर इंजिन कुठल्या दिशेला जाणार हे रूळ ठरवतात. इंजिन उचलून उलट तोंड करून ठेवा, तरी ते रुळाच्या त्याच दिशेला जाईल. डीसीसीत “पुढे” म्हणजे इंजिनाचं तोंड असेल तिकडे.

तीन नंबर

आता त्या मुलाची दोन इंजिनं. नवा डिकोडर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा नंबर साधारणपणे 3 असतो. मालकाने तो बदलायचा असतो. या दोन्ही इंजिनांचा नंबर कुणी बदललाच नव्हता. कंट्रोलर तीन पुकारी आणि दोघं उठत.

हे मी त्याला सांगायला गेलो, पण सांगावं लागलं नाही. रेग्युलेटर आणि हजेरीपर्यंत आलो तोवर तोच म्हणाला, “सर, म्हणजे दोघांचा रोल नंबर एकच झालाय.” मग पुस्तिकेतला सीव्ही हा शब्द उघडला. डिकोडरच्या स्मृतीतले हे कप्पे असतात, प्रत्येकाला क्रमांक. सीव्ही 1 मध्ये इंजिनाचा नंबर. सीव्ही 3 मध्ये वेग किती सावकाश वाढावा, सीव्ही 4 मध्ये किती सावकाश कमी व्हावा. त्याने एक इंजिन रुळावरून उचलून ठेवलं, कारण दोन्ही समोर असती तर दोघांनी नवा नंबर लिहून घेतला असता. उरलेल्याच्या पहिल्या कप्प्यात 7 लिहिले. मग दोन्ही रुळावर ठेवली आणि सात पुकारले. एकच हललं.

त्या घरातल्या ओसरीवर त्याचे अब्बा, दादी, शेजारची चार मुलं बसली होती. कुणी काही बोललं नाही. अब्बांनी फक्त विचारलं, “अजून एकदा कर.”

आपल्याकडे

ही हौस परदेशी आणि श्रीमंतांची, असं कुणी म्हणेल. महागडी आहे हे खरं. परदेशीच आहे, हे मात्र खरं नाही.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी हौसेतून आयुष्यभर जमवलेल्या, बनवलेल्या गाड्यांचं ते छोटं शहर 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी कायमचं उघडलं. सिग्नल, सांधे, पूल, वाफेपासून विजेपर्यंतची इंजिनं, सगळं एका मांडणीवर चालताना दिसतं. त्याच वर्षी, 26 जानेवारी 1998 ला, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला होता. महाडची मुलं पुण्याला सहलीला गेली की शनिवारवाडा बघतात. वरंध घाट ओलांडून एवढ्या लांब जायचंच, तर तासभर कोथरूडलाही द्यावा.

आणि आपल्या रायगड जिल्ह्यातच नेरळ-माथेरानची गाडी आहे. दोन फुटी रुळांवरची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती वडील सर आदमजी यांच्या पैशांतून बांधली आणि 1907 मध्ये सुरू केली. मुसलमानांनी या मुलखात काय केलं, असं विचारणाऱ्यांना मी नेरळचं तिकीट काढायला सांगतो.

खरी रेल्वेही आता त्याच वाटेने चालली आहे. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी यंत्र तयार केलं होतं, त्याला रक्षा कवच म्हणत. आज देशभर बसवली जात असलेली कवच ही वेगळी यंत्रणा आहे, पण मूळ गरज तीच. प्रत्येक इंजिनाची स्वतःची ओळख असावी, त्याला निरोप थेट मिळावा, आणि ड्रायव्हरने चूक केली तर ब्रेक आपोआप लागावा.

कुणाची विद्या

या इतिहासात एक कोर्टकचेरीही आहे. संगणकावरून मॉडेल रेल्वे चालवण्यासाठी जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि इतर हौशी लोकांनी ते लिहिलं आणि फुकट वाटलं. अट एवढीच की मूळ लेखकांचं नाव ठेवा आणि बदल केला तर तो सांगा. एका विक्रेत्याने त्यातल्या डिकोडरांच्या माहितीच्या फायली अटी न पाळता वापरल्या. फुकट दिलेल्या वस्तूवर हक्क कसला, असा प्रश्न होता. ऑगस्ट 2008 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की फुकट दिलं तरी अटी बंधनकारक राहतात आणि मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हा निकाल आजही पायाभूत मानतात. तो निघाला कशातून, तर छोट्या इंजिनांच्या नंबरांतून.

या मोकळेपणाचा फायदा आपल्यापर्यंत पोचतो. 2015 मध्ये डीसीसी प्लस प्लस नावाचा मुक्त प्रोग्राम आला. तो अर्डुइनो या छोट्या पट्टीवर चालतो. त्याला मोटर चालवणारी दुसरी पट्टी जोडली की कमांड स्टेशन आणि बूस्टर घरी तयार होतात. या पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतात. लागतं ते वाचता येणं, आणि तिथेच आपली मुलं अडतात.

शब्दांचं काय करावं

आमच्याकडे याची दोन उत्तरं देतात. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक शब्दाला मराठी किंवा उर्दू प्रतिशब्द हवा. हा पक्ष हसण्यावारी न्यावा असा नाही. 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिलं. त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने त्यासाठी विज्ञानाचे हजारो शब्द घडवले. महाराष्ट्रात 1960 मध्ये भाषा संचालनालय निघालं, त्याचे परिभाषा कोश आजही माझ्या कपाटात आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, इंग्रजीच घोका, जगात तेच चालतं.

मी दोन्ही करून बघितलं होतं. माझी यादी पहिल्या पक्षाची होती आणि “पाठ कर” हा हुकूम दुसऱ्या पक्षाचा. दोन्हीत एकच चूक होती. मुलाला शब्द दिला, शब्द ज्या अडचणीतून जन्मला ती अडचण दिली नाही. ब्लॉक हा ठोकळाही नाही आणि नुसता ब्लॉकही नाही. दोन गाड्या एका रुळावर आल्यावर माणसाने काय केलं, त्याचं ते नाव आहे. ते कळलं की शब्द कुठल्या भाषेतला आहे याने मुलाचं अडत नाही.

आपल्या आधीच्या लोकांनी हेच केलं होतं. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. लोकांनी बघितलं आणि नाव दिलं आगगाडी. सांधा, सांधेवाला हे शब्द आपल्या घरातून काढले. इंजिन आणि सिग्नल हे मात्र तसेच ठेवले. आधी वस्तू बघितली, मग जे सोयीचं वाटलं ते घेतलं.

जुलै 2021 च्या पुरात महाडात माझ्या घरात पाणी शिरलं. कपाटातल्या वह्या, त्यात त्या यादीची माझी प्रतही, चिखलाचा लगदा झाल्या. ती यादी मी पुन्हा केली नाही. तो मुलगा पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या शाखेत गेला. पुरानंतर आमच्या गल्लीत मीटर आणि वायरिंग तपासायला जे लोक फिरत होते, त्यांच्याबरोबर तोही होता. माझ्या घरातला पंखा त्याने उतरवला, वाळवला, परत लावला. रेग्युलेटर मात्र नवीन बसवावा लागला. जुना उघडून त्याने आतली वेटोळी मला दाखवली आणि विचारलं, “सर, ही वर्गात दाखवायला ठेवू?”

ती आता माझ्या टेबलावर असतात. नववीला रोध शिकवायचा तास आला की विज्ञानाचे सर ती मागून नेतात.